हातमोज्याच्या पट्ट्यावरची शाई

३ फेब्रुवारी, सोमवार

जावईबापू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडू नका. आधी वाचा, मग खुशाल फाडा. फोन केला असता, पण माझा नंबर तुम्ही दीड वर्षापूर्वीच बंद करून टाकलात. बरंच केलंत म्हणा. फोनवर तुम्ही मध्ये मध्ये बोलता. कागदावर तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, म्हणून मला हाच बरा. गावच्या शाळेतलं सातवीपर्यंतचं अक्षर आहे, वेलांट्या जागा मिळेल तिथं बसल्यात. सांभाळून घ्या.

पत्ता कुठून मिळाला म्हणाल, तर तुम्ही मनीला हातमोजे पाठवलेत ना, त्या खोक्यावरून उतरवून घेतला. मोजे छान आहेत. मापाला बरोबर. तुम्ही मनगटाच्या पट्ट्यावर आतून लिहून पाठवलं होतंत, ‘आज एकही गोल नको. – बाबा’, ते मात्र पहिल्याच धुण्यात गेलं. तिकडची शाई कच्ची दिसते. आमच्याकडून काही चूक नाही.

मनीचा फोन लागत नाही म्हणून जीव खालीवर करू नका. बिघडलाय. दुरुस्तीला टाकलाय. दुरुस्तीवाला आज देतो, उद्या देतो करतोय.

आता कामाचं. तुम्ही दूरदेशी बंदरावर क्रेन चालवायला गेलात, माझी लेक दुसऱ्या शहरात इस्पितळात एक्स-रे काढायला गेली आणि तुमची दोघांची मनी माझ्या वाट्याला आली. तक्रार करत नाही, सांगतेय. ती सबंध दिवस फुटबॉल अकादमीच्या मैदानावर आणि मी त्याच अकादमीच्या धुलाईखोलीत. बावीस पोरींची माती माझ्या दोन मशिनींतून जाते. कपडे धुणाऱ्या बाईला कुणी काही सांगावं लागत नाही, बापू. कोण पळतं, कोण नुसतं पळाल्यासारखं करतं, कोण कुणाला ढकलतं, सगळं मला मोज्यांवरून आणि गुडघ्यांवरून कळतं.

गोलकीपरचा शर्ट सगळ्यांत घाण. दोन्ही कुशी चिखलानं भरलेल्या, कोपरं हिरवी. आधी वाळवायचा, मग ब्रशनं झाडायचा, मग भिजत घालायचा, एवढा त्याचा थाट. मनीचा शर्ट गेल्या दोन महिन्यांपासून मी नुसता पाण्यातून काढते. काही लागतच नाही त्याला. पाठीवर घाम, बाकी कोरा करकरीत. म्हणजे पोरगी झेप घेत नाहीये. उभी राहते आणि चेंडू जाताना बघते.

सामन्याच्या आधी ती माझ्या खोलीत येऊन ड्रायरच्या मागं बसते. ‘पोटात दुखतंय’ म्हणते. डॉक्टरनी पोट दाबून बघितलं, पोटात काही नाही म्हणाले.

तुम्हाला काही सुचतंय का? सुचलं तर लिहा. न सुचलं तरी लिहा.

तुमची (अजून तरी) सासू

ता. क. – तुम्ही निघालात त्या दिवशी जिन्यात तुमची सुटकेस माझ्या हातून निसटली होती. त्याबद्दल मनात काही ठेवू नका.


२० फेब्रुवारी, गुरुवार

जावईबापू,

तुमचं पत्र मिळालं. चार ओळी! तुम्ही तारेच्या जमान्यात जन्मायला हवं होतंत.

चार ओळींत तीन भांडणं बसवलीत, हे मात्र मानलं. एक, ‘ती शाई कायमची असते, ती धुण्यात जाऊच शकत नाही.’ दोन, ‘दुरुस्तीला तीन आठवडे लागतात का?’ तीन, ‘तिच्या आईला सांगा, पोरीच्या मनात काहीबाही भरवू नको.’ चौथ्या ओळीत तुमची सही.

पकडलंत मला. ऐका मग.

शाई धुण्यात गेली नाही. मी घालवली. आधी साबण लावला, हलली नाही. मग स्पिरिट. मग आमच्या टीममधली लंबू म्हणून उंच पोरगी आहे, बचावाला खेळते, मनीची मैत्रीण, तिच्याकडून नखांचा रंग काढायचं पाणी मागितलं. लंबू म्हणाली, “आजी, नखं रंगवता?” मी म्हटलं, “रंगवते, आणि पायांचीसुद्धा. दाखवू?” तीन दिवस घासलं. तिसऱ्या दिवशी ‘नको’ तेवढं उरलं होतं, तेही काढलं. तुमच्या शाईला नावं ठेवली ती मागे घेते, शाई एक नंबर आहे. पट्ट्यावर पांढरा डाग पडलाय. मनीनं विचारलं, “आजी, हे पांढरं कसं झालं?” म्हटलं, “उन्हानं.” ती म्हणाली, “तुझ्या खोलीत ऊन येतं?” म्हटलं, “अधूनमधून.”

का घासलं ते सांगते. सामन्याआधी ती ड्रायरच्या मागं बसून ते पट्टे उलटे करून वाचत असायची. उजवा, डावा, परत उजवा. जशी काही परीक्षेला पाठांतर करतेय. ओठ पांढरे पडायचे. सतरा वर्षांच्या पोरीला ‘एकही नको’ असं सांगतात का हो? समोर अकरा जणी असतात. त्या काय फुलं वेचायला येतात?

आणि फोन. फोन साबणाच्या पावडरच्या पिंपात आहे, पिशवीत गुंडाळून. मी चोरला नाही. तिनंच आणून दिला. “आजी, हा लपव. मी मागितला तरी देऊ नकोस.” मी पहिल्या पत्रात खोटं लिहिलं ते तिच्यासाठी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नव्हे, तसा गैरसमज नको.

तिनं फोन का दिला, ते मी कपड्यांच्या आडून ऐकलंय, ती फोन स्पीकरवरच लावते. खोली माझी, दोऱ्या माझ्या, कानही माझेच. सामना संपला की पहिला फोन तुमचा. चाळीस मिनिटं. पहिला गोल कसा गेला, पाय कुठं होता, नजर कुठं होती, मी तुला काय शिकवलं होतं. सगळं उकरून काढायचं. मग शेवटी, “तुझी आई आली होती का? नाही ना? वाटलंच. सांग तिला.” तो ठेवला की दुसरा माझ्या लेकीचा. “किती लागलं? हे बापाचं खूळ आहे, सोडून दे. काय म्हणत होता तो? त्याला सांग म्हणावं…”

पोरगी भिंतीला टेकून दोन्हीकडचं ऐकून घेते. मैदानावर एका बाजूनं चेंडू येतात, इथं दोन्ही बाजूंनी. आणि गंमत बघा, इथला ती एकही सोडत नाही. तुमचं बोलणं आईपर्यंत गाळून पोचवते, आईचं तुमच्यापर्यंत गाळून पोचवते. लेकीला सांगते, “बाबांनी तुला विचारलंय.” तुम्ही कधी विचारलंत? तुम्हाला सांगते, “आईला यायचं होतं, सुट्टी मिळाली नाही.” सुट्टी मागितलीच नव्हती.

मागच्या रविवारी चार गोल गेले. शर्ट कोरा.

क्रेनवर बसून तुम्ही घराएवढाले डबे उचलता आणि अंडं ठेवावं तसे अलगद जहाजावर ठेवता, असं माझ्या लेकीनंच मला एकदा कौतुकानं सांगितलं होतं. होय, कौतुकानं. मग आपल्या पोरीशी बोलतानाच तुमचं सगळं दाणकन का हो आदळतं?

उत्तर पाठवा. चारपेक्षा जास्त ओळी चालतील.

तुमची सासू


६ मार्च, गुरुवार

जावईबापू,

उत्तर नाही. रुसलात. रुसा. मी तरी लिहिणारच, टपालपेटी माझ्या वाटेवरच आहे.

मनीनं सोमवारी कोचबाईंना सांगितलं, “मला खेळायचं नाही.” कोचबाई म्हणजे तुम्हाला आठवत असतील, शिट्टी गळ्यात घालूनच जेवतात त्या. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “तेरा एप्रिलला अंतिम सामना आहे. राष्ट्रीय शिबिराची निवड करणारी माणसं त्या दिवशी येणार आहेत. तोवर मी तुझी जागा धरून ठेवते. त्यानंतर तू म्हणशील तसं. पण त्याआधी एकदा डॉक्टरीणबाईंना भेट.”

या डॉक्टरीणबाई मनाच्या. दर बुधवारी अकादमीत येतात. मला वाटलं, मनाची डॉक्टर म्हणजे चष्म्यातून रोखून बघणारी कुणीतरी असेल. तर ही पोरीएवढीच पोरगी, पायात खेळाचे बूट. काल मनीशी तासभर बोलली. मग मला आत बोलावलं. मी तयारीनं गेले होते. तुमच्या नावानं एक यादी आणि लेकीच्या नावानं एक यादी, दोन्ही तोंडपाठ. सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “आजी, घरी तुम्ही मनीच्या बाबांबद्दल काय बोलता?”

बापू, ते माझ्या दोन्ही याद्यांत नव्हतं.

मी रोज संध्याकाळी भांडी लावताना तुम्हाला ‘पळपुटा’ म्हणते. गंमत म्हणून. नाव घ्यायचं नाही, ‘पळपुट्याचा फोन आला का’, ‘पळपुट्यानं काय पाठवलं’. मनी हसायची. मला वाटायचं, हसतेय म्हणजे झालं.

मनीनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं, “आजी बाबांना नावं ठेवते तेव्हा मी हसते, पण माझं पोट तेव्हापासून दुखायला लागतं. नाक बाबांचं आहे माझं. चालसुद्धा.”

काल दुपारी मी धुवायचे शर्ट विसरून गेले आणि नुसतं मशीन रिकामं फिरवलं. पाऊण तास. कळलंच नाही.

तर आता ऐका, मी तुमच्यावर चढून बोलत होते, ती जागा सोडते. चेंडू मारणाऱ्यांत तुम्ही एक, माझी लेक दुसरी आणि तिसरी मी. मी सगळ्यांत जवळून मारत होते.

आणि सुटकेस निसटली नव्हती. मी लाथ मारली. जिन्याच्या वरच्या पायरीवरून थेट खालच्या दारापर्यंत गेली, मध्ये कुठं अडकली नाही. तशी लाथ मला तरुणपणी कुणी मारू दिली असती, तर आज मी कुणाचे कपडे धुतले नसते. पण मनी त्या वेळी दारात उभी होती. तिनं पाहिलं. त्याची माफी मागते. तुमची नाही, तिची मागितली, काल. तुमची सावकाश मागेन.

डॉक्टरीणबाईंनी मनीला विचारलं होतं, “तुला काय हवंय?” पोरगी म्हणाली, “सामन्यानंतर कुणीतरी फोन करावा आणि सामन्याबद्दल विचारू नये.”

एवढंच. नवे मोजे मागितले नाहीत, कुणाला परत आणा म्हणाली नाही.

तुमचे सासरे आठवतात? बसच्या कारखान्यात होते, हात कायम काळे. घरी आले की एकच वाक्य, “जेवलीस का?” एकतीस वर्षं. मला वाटायचं, या माणसाला दुसरं काही येतच नाही. एकदा मुद्दाम म्हटलं, “नाही जेवले.” का म्हणून विचारतील, चिडतील असं वाटलं. तर त्यांनी स्वतःचं ताट बाजूला सरकवलं आणि माझ्यासाठी दुसरं मांडलं. ते गेले त्यानंतर दोन वर्षं रोज संध्याकाळी सात वाजता माझे कान दाराकडं जायचे. तेवढ्या दोन शब्दांसाठी.

म्हणून माझी अट. मनीचा फोन पिंपातून काढते. सामना संपला की तुम्ही विचारायचं, “जेवलीस का?” बस. गोल नाही, खांब नाही, पाय नाही, आई नाही. तिनं आपणहून सांगितलं तर ऐकायचं. जमेल?

नाही जमलं तर सांगा, मी तुमच्या आवाजात बोलायचा सराव करते. खोकला मला जमतोच तुमच्यासारखा.

तुमची सासू


२६ मार्च, बुधवार

जावईबापू,

आठ पानं! चार ओळींवरून आठ पानं! टपालवाल्यानं मला विचारलं, “आजी, कोर्टाचं काही आहे का?” म्हटलं, “नाही रे, प्रेमपत्र आहे.” आता तो मला वळून वळून बघतो.

सगळी वाचली. सहाव्या पानावरचं दोनदा. तुमचे वडील तुम्हाला प्रत्येक सामन्यानंतर घरापर्यंत चालत आणायचे आणि वाटभर चुका सांगायचे, आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तुम्ही बूट कुणाला तरी देऊन टाकलेत. मला माहीत नव्हतं. माझ्या लेकीलाही नसावं. एवढ्या वर्षांत सांगितलं का नाही? असो. ते पान मी वेगळं ठेवलंय, कुणाला दाखवत नाही.

माझा नंबर उघडलात त्याबद्दल आभार. पण मी पत्रच लिहिणार, आता चटक लागलीय.

रविवारच्या फोनची हकीगत. तुम्ही तुमच्या बाजूनं ऐकली, मी दोऱ्यांच्या आडून. मनी बोटांनी फोन घट्ट धरून बसली होती. तुम्ही म्हणालात, “जेवलीस का?” ती म्हणाली, “हो.” मग तुम्ही म्हणालात, “नीट जेवलीस का?” “हो.” “पोटभर?” मी तोंडात टॉवेल कोंबला. मग तिनं हळूच विचारलं, “तुम्ही जेवलात?” आणि तेवढ्यात मशीन घरघरलं, तुम्ही काय म्हणालात ते मला ऐकू आलं नाही, पण तिकडच्या जेवणाबद्दल तुम्ही दहा मिनिटं रडगाणं गायलंत, एवढं तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

आणि मग शेवटी राहवलं नाहीच. “किती गेले?”

“बाबा!”

“चुकलो. चुकलो, चुकलो. भात होता का?”

इतकी हसली, बापू. ड्रायरवर डोकं टेकवून हसली. ती चूक तुम्ही केलीत ते एका परीनं बरंच झालं. तुम्ही ‘चुकलो’ म्हणू शकता, हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं असणार. मी तर नक्कीच.

लेकीलाही मी सोडलं नाही. दोन बस बदलून तिच्या इस्पितळात गेले आणि एक्स-रेच्या बाकावर रोग्यांच्या रांगेत बसले. माझा नंबर आल्यावर ती बाहेर आली. “आई! तुला काय झालं?” म्हटलं, “मला काही नाही, तुझा फोटो काढायला आले.” मग जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. नवऱ्याशी बोलायचं तर थेट बोल, नसेल बोलायचं तर नको बोलूस, पण पोरीला टपालपेटी करू नकोस. ती उसळली. “तू कुणाच्या बाजूनं आहेस?” म्हटलं, “गोलकीपरच्या.”

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, “मला फुटबॉलमधलं काही कळत नाही गं. ती पडली की मी डोळे मिटते. म्हणून येत नाही.” मी म्हटलं, “मिटून ये.”

तुम्ही दोघं पुन्हा एका घरात यावं असं मी म्हणत नाही. ते तुमचं तुम्ही बघा. सासूनं प्रत्येक गोष्टीत नाक खुपसू नये, थोड्या गोष्टी सोडाव्यात.

आजचा शर्ट आत्ताच हातात आला. डाव्या कुशीवर चिखल आहे. वीतभर. फक्त डाव्या. मी तो शर्ट दोरीवर टाकून समोर स्टूल घेऊन बसले होते. लंबू आत आली, म्हणाली, “आजी, चित्र बघताय का?”

म्हटलं, “हो गं.”

तुमची सासू


१५ एप्रिल, मंगळवार

जावईबापू,

तुमच्या कानाचा पडदा शाबूत आहे का? नसला तर खर्च माझ्याकडं नको, तुमच्या बायकोकडं मागा. फोन तिचा होता, ओरडले फक्त मी.

तुम्ही रविवारचं सगळं फोनवर ऐकलंत असं तुम्हाला वाटतंय. तुम्ही काहीही ऐकलं नाहीत. तुम्ही माझ्या लेकीचं समालोचन ऐकलंत. मला दिसलं ते सांगते.

सकाळी मनी ड्रायरच्या मागं आली नाही. मी दोनदा जाऊन जागा बघितली. मग कळलं, ती लंबूबरोबर बाहेर बसून बुटांच्या नाड्या बांधतेय आणि दोघी कुणाची तरी नक्कल करतायत. नीट बघितलं तर माझी. चालण्याची. मी कपड्यांची ढकलगाडी घेऊन मैदानाच्या कडेला गेले, कारण ढकलगाडी असली की कुणी हटकत नाही. लेक आली होती. खरंच आली होती. पर्स छातीशी धरून, जशी काही ती पर्सच कुणी पळवणार आहे.

पहिला गोल सातव्या मिनिटाला गेला. मनीच्या हातातून निसटून. (हे खरंच निसटलं होतं, सुटकेससारखं नाही.) मी तिच्याकडं बघितलं. आता खांबाला टेकेल, आता ओठ पांढरे पडतील. तिनं जाळीतून चेंडू काढला, शर्टाला पुसला आणि लंबूकडं फेकून ओरडली, “चला, झोप उडाली!” मी गाडीचा दांडा सोडला तेव्हा माझी बोटं सरळ होईनात.

तेव्हाच लेकीनं फोन काढला आणि तुम्हाला लावला. मी सांगितलं नव्हतं. शपथ घेते. दीड वर्षात पहिल्यांदा. तिनं तुम्हाला कसे आहात विचारलं नाही, काही नाही. एकदम, “एक गेला, पण ती हसतेय.” आणि मग तुमचं ते भांडण सगळ्या रांगेनं ऐकलं.

“आता काय झालं?” तुम्ही.

“पडली.”

“कुठल्या बाजूला पडली?”

“जमिनीवर पडली!”

“अगं, डावीकडं की उजवीकडं?”

“माझ्या डावीकडं की तिच्या?”

शेजारची बाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती.

दुसराही गोल गेला. आपल्या पोरींनी दोन्ही फेडले, दुसरा तर लंबूनं डोक्यानं. दोन-दोन. आणि मग पेनल्ट्या. पाच त्यांच्या, पाच आपल्या, आणि मनी एकटी जाळीत. पहिल्या दोन्ही आत गेल्या. मी पंचांना काहीतरी म्हणाले, ते इथं लिहीत नाही. त्यांनी मला पिवळं कार्ड दाखवलं. खरंच दाखवलं! सगळं मैदान हसलं, मनीसुद्धा. कोचबाई म्हणतात, आजी, तुम्ही त्या पोरीचा ताण उतरवलात. मला कसला ताण उतरवायचा होता, मला पंचांची पगडी उतरवायची होती.

तिसरी पेनल्टी तिनं उजवीकडं झेपावून अडवली. चौथी आत. आपल्या पोरींनी आपल्या चार घातल्या. पाचवी त्यांची. ही गेली नाही तर आपण जिंकलो.

लेकीनं डोळे मिटले. तुम्ही तिकडून “काय झालं, काय झालं” करताय, आणि ती डोळे मिटून नुसती उभी. म्हणून मी फोन हिसकावून घेतला. बापू, तिनं वाट बघितली. समोरची पोरगी पळत आली तरी मनी हलली नाही. पूर्वी उभी राहायची ती घाबरून. ही वेगळी उभी होती. मांजर भिंतीवर उभं राहतं तशी. आणि मग चेंडू निघाला आणि ती डावीकडं गेली, सबंध आडवी, हवेत, आणि तिचा हात तुमच्या त्या मोज्यासकट चेंडूच्या मागं पुरता गेला.

मग मी ओरडले. ते तुम्ही ऐकलंतच.

पण तुमचं खरं कौतुक पुढं आहे. तुम्ही म्हणालात, “फोन ठेवा. मला काही माहीत नाही असं तिला वाटू दे. मी तिला वेगळा फोन करतो.” एवढं सुचलं तुम्हाला! मी लेकीकडं बघितलं, लेकीनं माझ्याकडं.

पाऊण तासानं मनी माझ्या खोलीत उलट्या केलेल्या बादलीवर बसून दोन्ही हातांनी खात होती. फोन वाजला. “जेवलीस का?” ती भरल्या तोंडानं म्हणाली, “जेवतेय.” तुम्ही म्हणालात, “जेव मग, मी थांबतो.” आणि थांबलात. ती चावत होती आणि तुम्ही तिकडं नुसते श्वास घेत होतात. मग तिनंच सांगितलं. “बाबा, पहिला गोल माझ्या हातातून सुटला. कसा ते सांगू?” तुम्ही म्हणालात, “तुला सांगायचा असेल तर.” मग तासभर ती सांगत होती, गेलेले दोन्ही, अडवलेले दोन्ही, माझं पिवळं कार्ड. शेवटी तुम्ही रडलात. ते मला कळलं नाही असं समजा. मी कपड्यांच्या आड होते, आणि आड लेकही होती.

काल यादी लागली. राष्ट्रीय शिबिरात मनीचं नाव आहे. दुसऱ्या नंबरची गोलकीपर. तिनं तुम्हाला सांगितलं तेव्हा मी दोऱ्या सोडून थेट तिच्या शेजारीच येऊन बसले होते, हातात झाडू. ‘दुसरी का?’ असं तुमच्या तोंडून आलं असतं तर मी काय करणार होते कोण जाणे. तुम्ही म्हणालात, “मग पहिली कोण? तिच्याशी गट्टी कर.” मी झाडू कोपऱ्यात ठेवला.

तर आता तुमची माफी मागते. सावकाश मागेन म्हटलं होतं. सुटकेसबद्दल, आणि त्या नावाबद्दल. घरात आता तुम्हाला ‘क्रेनवाले’ म्हणतात. मनीनंच ठेवलंय.

रविवारचा शर्ट मी अजून धुतला नाही. दोन्ही कुशी भरलेल्या आहेत, कोपरं हिरवी, छातीवर चेंडूचा गोल ठसा. कोचबाई म्हणतात, वास येतोय. येऊ दे.

मोजे मात्र आज धुवायला घेतले. मनी स्वतः आणून देऊन गेली आणि दारातून बाहेर पडताना उगाच घाई केली. मला संशय आला. पट्टा उलटा केला. मी घासून पांढरी केलेली जागा आहे ना, तिथं तिनं स्वतःच्या अक्षरात, तुमच्यासारख्याच न जाणाऱ्या शाईनं, लिहिलंय – ‘जेवलीस का?’

आणि त्याच्याखाली, बारीक – ‘आजी, हे घासू नकोस.’

मोजे कोमट पाण्यात बुडवले. पट्टे मात्र बाहेर धरले, कोरडे.

तुमची सासू